संकेतस्थळ करवून घेताना

आपल्याकडे घर बांधायला काढले म्हणजे माणूस दहा ठिकाणी चौकशी करतो. जागेचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, गवंड्याने आधी कोणाचे काम केले, सिमेंट कोणी आणावयाचे, पैसे किती हप्त्यांनी द्यावयाचे, हे सारे ठरल्यावाचून कुदळ मारली जात नाही. परंतु हाच माणूस आपल्या लहानशा धंद्यासाठी संकेतस्थळ, म्हणजे वेबसाइट, करवून घेतो तेव्हा यांपैकी एकही प्रश्न विचारीत नाही. ‘तो मुलगा कॉम्प्युटरमधला आहे, तो बघून घेईल’ एवढ्या भरवशावर काम सोपविले जाते. हा भरवसा कोठे तोकडा पडतो आणि वेब डिझायनरला काम देताना लहान व्यावसायिकाने कोणती काळजी घ्यावी, याचा थोडा पद्धतशीर विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय कलाशाखेच्या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्यापैकी किती जण नोकरीत जातील आणि किती जण शिकवण्या, भाषांतर, छायाचित्रण, शिवणकाम किंवा घरगुती खाद्यपदार्थ यांवर स्वतःचा संसार उभा करतील, हे आज सांगता येत नाही. शिवाय संकेतस्थळावर जे शब्द असतात ते लिहिण्याचे काम शेवटी भाषेच्या माणसाकडेच येते. तेव्हा विषय आपला नाही असे म्हणून चालणार नाही.

एक घरचे उदाहरण

माझी आत्या तालुक्याच्या गावी गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी करून विकते. २०१९ साली तिने ओळखीच्या एका तरुणाकडून संकेतस्थळ करवून घेतले. काम चांगले झाले. पुण्या-मुंबईहून मागणी येऊ लागली. आत्याने हौसेने २,००० लेबले छापून घेतली आणि प्रत्येकावर संकेतस्थळाचा पत्ता घातला. २०२२ साली एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, “मावशी, तुमच्या पत्त्यावर हे पत्त्यांच्या जुगाराचे काय उघडते आहे?”

चौकशी करता उलगडा झाला तो असा. संकेतस्थळाचे नाव त्या तरुणाने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवरून नोंदविले होते. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला, त्याचा फोन क्रमांक बदलला, ई-मेलही बदलला. नूतनीकरणाच्या सूचना त्या जुन्या ई-मेलवर येऊन पडल्या आणि त्या कोणी वाचल्याच नाहीत. मुदत संपली, नाव मोकळे झाले आणि कोणा परक्याने ते उचलले. तो तरुण भेटला तेव्हा त्याला मनापासून वाईट वाटले. त्याने फसविले असे म्हणता येणार नाही. त्याला कोणी सांगितले नव्हते आणि आत्याला कोणी विचारावयास शिकविले नव्हते. आत्या एवढेच म्हणाली, “अगं, धंदा माझा, मसाला माझा, आणि पाटी त्याच्या नावाची? हे मला कसं कळलं नाही!”

या लेखाचे सारे तात्पर्य आत्याच्या या एका वाक्यात आहे. देखणे काम करून देणारे पुष्कळ मिळतात. ते काम कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न मात्र मालकाने स्वतःच विचारावा लागतो.

स्वतःचे संकेतस्थळ हवेच का?

प्रत्येकाला ते हवेच असे नाही. ज्याचे गिऱ्हाईक गल्लीतलेच आहे त्याला व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगलच्या नकाशावरील मोफत नोंद एवढे पुरे होते. तथापि दुसऱ्याच्या अंगणात मांडलेले दुकान त्या अंगणाच्या मालकाच्या मर्जीवर असते, हेही विसरू नये. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली तेव्हा त्यावर ज्यांनी गिऱ्हाईक जोडले होते त्यांचे सारे गणगोत एका रात्रीत तुटले. गूगलने व्यवसायांच्या नोंदीसोबत जी फुकट संकेतस्थळे दिली होती ती मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांनी केवळ त्यांच्यावरच विसंबून पत्ते छापले होते त्यांना दुसरी व्यवस्था पाहावी लागली.

याउलट मूळ वेबची रचना मोकळी आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत तिची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तेव्हापासून आपल्याकडेही स्वतःचे पान मांडण्यास कोणाची परवानगी लागत नाही. फक्त आपले नाव आपण राखावे लागते.

चार वेगळ्या वस्तू

‘वेबसाइट’ हा एक शब्द असला तरी त्यात चार निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि बहुतेक घोटाळे त्यांची सरमिसळ केल्याने होतात.

पहिली वस्तू म्हणजे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. ही दुकानाची पाटी होय. ती विकत मिळत नाही. वार्षिक शुल्क भरून, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत, ती आपल्याकडे राखता येते. शेवटी ‘डॉट इन’ असणाऱ्या नावांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. २०१४ पासून ‘डॉट भारत’ असे संपूर्ण देवनागरी नावही घेता येते.

दुसरी वस्तू म्हणजे जागा, अर्थात होस्टिंग. हा भाड्याचा गाळा होय. तो न आवडला तर बदलता येतो. पाटी आपली असली म्हणजे ती काढून दुसऱ्या गाळ्यावर लावता येते आणि गिऱ्हाइकाला पत्ता बदलल्याचे कळतही नाही.

तिसरी वस्तू म्हणजे बांधणी, म्हणजे पानांची रचना, रंगसंगती आणि त्यामागील संहिता. डिझायनरचे खरे काम हे. २००३ साली निघालेले वर्डप्रेस यांसारखे मुक्त सॉफ्टवेअर वापरून हे काम पुष्कळदा केले जाते. ते कोणा एकाच्या मालकीचे नसल्यामुळे एक कारागीर सोडून गेला तरी दुसऱ्याला काम पुढे नेता येते. काही डिझायनर मात्र स्वतःच तयार केलेली बंदिस्त पद्धत वापरतात. ती वाईट असतेच असे नाही, परंतु त्यांच्यावाचून तिचे कुलूप उघडत नाही.

चौथी वस्तू म्हणजे माल, म्हणजे मजकूर, छायाचित्रे, किंमती आणि गिऱ्हाइकांची यादी. हा मालकाने पुरवावयाचा असतो आणि त्याची एक प्रत नेहमी मालकाच्या घरी असावी लागते.

नियम सरळ आहे. पहिली, दुसरी आणि चौथी वस्तू मालकाच्या नावावर, मालकाच्या ई-मेलवर आणि शक्य तर मालकाच्याच पैशाने घ्यावी. डिझायनरने शेजारी बसून ती घेऊन द्यावी, त्याला काम करण्यापुरता प्रवेश द्यावा, परंतु खाते आपलेच ठेवावे. अर्ध्या तासाचे हे काम आत्याने पहिल्याच दिवशी केले असते तर २,००० लेबले रद्दीत गेली नसती.

कारागिराकडे जाण्यापूर्वी

डिझायनरला भेटण्याआधी एका कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. संकेतस्थळावर येणारा माणूस कोण? त्याने तेथे येऊन काय करावे असे आपल्याला वाटते, फोन करावा, मागणी नोंदवावी की नुसता पत्ता पाहावा? आणि येथील मजकूर कोण, किती दिवसांनी बदलणार? आत्याच्या बाबतीत उत्तरे अशी निघाली : परगावचे मराठी कुटुंब, व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी पाठवावी, किंमती वर्षातून दोनदा, मिरचीचा भाव पाहून बदलाव्या लागतात. एवढे लिहिल्यावर ध्यानात आले की तिला खरेदीची टोपली, पैसे भरण्याची यंत्रणा किंवा हलणारी चित्रे यांची गरजच नाही. पाच साधी पाने पुरेशी आहेत. ज्याला स्वतःची गरज माहीत नाही त्याला दुसरा कोणी तरी गरज विकतो.

त्यानंतर निवड. डिझायनरने पूर्वी केलेली तीन-चार संकेतस्थळे आपल्या साध्या फोनवर उघडून पाहावीत, कारण आपले गिऱ्हाईकही ती फोनवरच पाहणार आहे. पडद्याच्या रुंदीप्रमाणे पान आपोआप जुळवून घेण्याची रीत २०१० पासून रूढ झाली आहे. आजच्या कामात ती नसेल तर तेथेच थांबावे. पान उघडावयास फार वेळ लागत असेल तर बहुधा छायाचित्रे न आटोपता तशीच चढविलेली असतात. ज्यांचे काम केले आहे अशा दोघांना फोन करून एकच प्रश्न विचारावा : काम संपल्यावर सहा महिन्यांनी अडचण आली तेव्हा त्यांनी फोन उचलला काय? सुबक नमुन्यापेक्षा या उत्तराचे मोल अधिक आहे.

दर विचारताना त्यात काय धरले आहे ते सुटे सुटे लिहून घ्यावे : नाव, जागा, बांधणी, मजकूर, छायाचित्रे, वस्तू व सेवा कर आणि पुढील वर्षांची देखभाल. स्वस्त वाटणारा आकडा पुष्कळदा केवळ पहिल्या वर्षाचा असतो. संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असल्याची खात्री करावी. २०१८ पासून क्रोम ब्राउझर तसे नसलेल्या पानांवर ‘सुरक्षित नाही’ अशी खूण दाखवू लागला. यासाठी लागणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेकडून विनामूल्य मिळते, तेव्हा त्याचे वेगळे पैसे कोणी मागितल्यास ते कशाचे, हे विचारण्यास संकोचू नये.

कायदा काय म्हणतो?

‘मी पैसे मोजले, म्हणून ते माझे झाले’ असा आपला साधा समज असतो. कायद्याचे म्हणणे तसे नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कृतीचा कर्ता हाच तिचा प्रथम मालक असतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जाते. परंतु स्वतंत्रपणे काम करणारा डिझायनर हा आपला नोकर नव्हे. त्याने लिहिलेली संहिता आणि रचना, पैसे दिल्यावरही, लेखी हस्तांतर केल्यावाचून आपल्या मालकीची होत नाही.

हे हस्तांतर लेखी आणि सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे समजली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता समजला जातो, असे याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात आहे. म्हणून ‘हक्क दिले’ एवढे मोघम वाक्य पुरे नाही. कोणते हक्क, किती काळ, कोठे, हे तिन्ही लिहावे. छायाचित्रांचा नियम मात्र निराळा आहे. मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून काढविलेल्या छायाचित्राचा प्रथम मालक, वेगळा करार नसल्यास, ते काढविणारा असतो. बोधचिन्हाचा उल्लेख करारात स्वतंत्रपणे करावा, कारण तेच पुढे लेबलावर आणि पाटीवर जाते. मुक्त सॉफ्टवेअरची मालकी मात्र डिझायनर देऊच शकत नाही. ते ज्या परवान्याखाली मिळते त्याच परवान्याखाली आपण वापरावयाचे असते.

करारपत्र लांबलचक असण्याची गरज नाही. दोन पानांत सारे मावते : पाने किती, मजकूर कोण व केव्हा देणार, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, मुदत कोणती, पैशांचे हप्ते कोणत्या टप्प्यांवर, हक्क कोणाचे, देखभाल किती काळ, आणि काम मध्येच थांबले तर काय. आमच्या दुसऱ्या वेळच्या करारात एक तृतीयांश रक्कम आरंभी, एक तृतीयांश नमुना पाहिल्यावर आणि उरलेली सर्व खाती हाती आल्यावर, असे ठरले. शेवटचा हप्ता ‘संकेतस्थळ सुरू झाल्यावर’ न ठेवता ‘किल्ल्या हाती आल्यावर’ ठेवणे शहाणपणाचे ठरले.

संकेतस्थळावरून विक्री करावयाची असेल तर विक्रेत्याचे नाव व पत्ता, एकूण किंमत आणि माल परत घेण्याच्या अटी स्पष्ट दाखवाव्यात. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांचा रोख तोच आहे. खाद्यपदार्थांच्या बाबतीत अन्नसुरक्षा विभागाचा १४ अंकी क्रमांकही पानावर द्यावा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. तेव्हा मागणीच्या तक्त्यात जन्मतारीख वगैरे अनावश्यक रकाने ठेवू नयेत. मसाला पाठवावयास पत्ता व फोन पुरे होतात.

मराठी अक्षरांचा प्रश्न

आपल्या गिऱ्हाइकाची भाषा मराठी असेल तर आणखी एक परीक्षा घ्यावी लागते. छापखान्यातून मिळालेला मजकूर पुष्कळदा जुन्या फाँटमध्ये असतो. तो तसाच चढविला तर वाचणाऱ्याकडे तो फाँट नसल्यास अगम्य चिन्हे दिसतात आणि शोधयंत्रालाही तो सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा, ही अट करारात लिहावी. मजकुराचे चित्र करून लावणे हाही उपाय नव्हे, कारण अंध वाचकाच्या फोनला चित्रातली अक्षरे सहसा नीट वाचून दाखविता येत नाहीत.

दुसरी गोष्ट वळणाची. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून निराळे आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळणाचाच आग्रह धरला आहे. पानाच्या संहितेत ‘भाषा मराठी’ अशी खूण घातली तर अनेक फाँट मराठी वळण आपोआप दाखवितात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फाँट विनामूल्य वापरता येतात. ही माहिती आपल्या डिझायनरला असेलच असे नाही. आपण सांगावी.

तिसरी गोष्ट शुद्धलेखनाची. आत्याच्या पहिल्या संकेतस्थळावर ‘आचाऱ्यांसाठी खास मसाला’ याऐवजी ‘आचार्यांसाठी खास मसाला’ असे छापले गेले होते. तीन वर्षे ते तसेच राहिले आणि स्वयंपाक्यांऐवजी विद्वानांना आमंत्रण जात राहिले! मुद्रिते तपासल्यावाचून आपण हा वार्षिक अंक छापीत नाही. संकेतस्थळाचीही मुद्रिते तपासावीत, आणि ते काम डिझायनरवर टाकू नये.

दुसरी बाजू

येथवर सारे मालकाच्या बाजूने लिहिले. परंतु डिझायनर हाही बहुधा स्वयंरोजगारीच असतो, आणि आपल्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेला असू शकतो. त्याच्याही तक्रारी खऱ्या असतात. मजकूर आज देतो, उद्या देतो म्हणत तीन महिने लावणारे, ‘जरा निळा करून बघा, आता जरा हिरवा’ म्हणत दहा वेळा रंग बदलविणारे आणि काम झाल्यावर ‘घरचाच तर आहेस’ म्हणून पैसे बुडविणारे मालकही कमी नाहीत. लेखी करार मालकाला जितका राखतो तितकाच कारागिरालाही राखतो. ओळखीच्या माणसाशी करार करणे म्हणजे अविश्वास दाखविणे, हा आपल्याकडील समज चुकीचा आहे. ओळख टिकावी म्हणूनच करार करावयाचा असतो. आत्या आणि तो पहिला तरुण यांच्यात दोन पानांचा कागद असता तर आज दोघांना एकमेकांच्या दारावरून जाताना मान खाली घालावी लागली नसती.

समारोप

काम ताब्यात घेताना कोणत्या वस्तू हाती आल्या पाहिजेत, त्यांची यादी लहान आहे : नावाची नोंदणी आपल्याच नावे असल्याचा पुरावा, जागेचे खाते, संकेतस्थळाचा मुख्य प्रवेश, साऱ्या मजकुराची व संहितेची प्रत, आणि हक्कांचा कागद. त्या दिवशी सर्व पासवर्ड स्वतः बदलावेत आणि नूतनीकरणाची तारीख अशा ठिकाणी लिहावी की जेथे ती रोज दिसेल.

आत्याला जुने नाव परत मिळाले नाही. तिने नवे नाव घेतले, या वेळी स्वतःच्या फोनवर स्वतः ओटीपी पाहून, आणि एकदम पाच वर्षांसाठी. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दूधवाल्याचे खाडे जेथे लिहिलेले असतात तेथेच दर वर्षी एका चौकटीत ‘पाटी’ असा शब्द लिहिलेला असतो. नूतनीकरणाला अजून अवकाश असला तरी त्या दिवशी ती खाते उघडून नाव आपलेच आहे ना, हे पाहून घेते, आणि मग मसाल्याची मिरची निवडावयास बसते.